भत्ता दादाचा, जागरण वहिनीचं : सुभेदारसाहेबांना उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

जायबंदी जवानांना घरी सांभाळणाऱ्या बायकांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा पटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अपंग जवानाला पेन्शन आहे, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, वर अटेंडंटचा भत्ताही आहे, तेव्हा ‘सरकार काहीच देत नाही’ हे धादांत खोटं. आणि बायकोने नवऱ्याचं केलं त्याचं बिल सरकारला लावणं फौजी घराला शोभत नाही. शिवाय अमेरिकेचे दाखले देऊ नका, त्यांच्याकडे पैसा आहे.

पहिलं मान्य. ते वाक्य लेखातून काढलंय. १०० टक्के अपंगत्व असेल आणि मेडिकल बोर्डाची शिफारस असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या मदतनिसाचा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्के भर पडते. मूळ रकमेचे दिवसाला २२५ रुपये होतात. तेवढ्यात रात्रीला माणूस मिळतो का, ते तुम्हीच सांगा. पण माझं मुख्य भांडण रकमेशी नाही.

दादाला, म्हणजे माझ्या जायबंदी जवान भावाला, कमरेखाली काही कळत नाही. रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. वहिनी आता गजरही लावत नाही, आपोआप उठते. टॉर्च मारून टाचा, खुबे, माकडहाड बघते. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबते. दाबल्यावर फिकं पडलं तर ठीक. लाल ते लालच राहिलं तर त्या बाजूवर झोपवायचं नाही. मग लघवीची पिशवी, तिचा रंग, तिचा वास. हेच काम आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट पगार घेऊन करतो. त्याची सेवा पगारामुळे हलकी झाली, असं तुम्ही कधी म्हणाला नसाल.

मागच्या वर्षी वहिनीचीच पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे वजन उचलायचं नाही. तिने विचारलं, “माणूस चालेल का?” डॉक्टर हसले. ती हसत नव्हती.

तेव्हा एका कार्यालयात मी चौकशी केली, तीन आठवडे बदली माणूस कुठून मिळेल? टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, “पेशंट नक्की कोण, भाऊ की वहिनी?” मला सांगता येईना. माझं गाऱ्हाणं हेच आहे, साहेब. भत्ता दादाच्या पेन्शनमध्ये येतो आणि दादा गेला की बंद होईल. कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, पण ते बायको म्हणून. रात्र-रात्र जागणारी म्हणून तिची कुठेच नोंद नाही.

अमेरिकेचं म्हणाल, तर मी पैशासाठी दाखला दिला नव्हता. २०१० च्या कायद्याने तिथे सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात मासिक रक्कम, शिक्षण, समुपदेशन, आरोग्य विमा नसेल तर तोही, आणि वर्षाला किमान ३० दिवस बदली काळजीची सोय आली. तिथेही सगळं सुरळीत नव्हतंच. सुरुवातीला फक्त ११ सप्टेंबर २००१ नंतर जायबंदी झालेल्यांचीच घरं त्यात होती; व्हिएतनाम युद्धातल्यांना २०२० उजाडावं लागलं, मधल्या काळातल्यांना २०२२. फेरतपासणीत जुन्या कुटुंबांना वगळायला लागले, तेव्हा ओरड झाली आणि तेही थांबवावं लागलं. म्हणजे तिथेही भांडूनच मिळालं. घेण्यासारखी गोष्ट एकच : तिथे अर्ज जवान आणि सांभाळणारी दोघांनी मिळून करायचा असतो, त्यावर तिचंही नाव असतं.

तुम्ही माजी सैनिक संघटनेचं काम बघता असं लिहिलंय. पुढच्या निवेदनात वन रँक वन पेन्शनच्या मागणीखाली एक ओळ घालाल का : वर्षाला तीस दिवस बदली माणूस, अर्ज पत्नीच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या नावे. मसुदा मी करून पाठवतो. खाडाखोड तुम्ही करा.