आमच्याकडे ॲक्टिव्ह दिसतंय

पैसे खात्यातून कापले जातात. ‘धन्यवाद’ असा मेसेज तिसऱ्या सेकंदाला येतो. टीव्हीवर मात्र तीच पाटी: हा चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही. मग कस्टमर केअरला फोन, मग एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा, मग बराच वेळ संगीत, आणि शेवटी एक सोशिक आवाज म्हणतो, “सर, आमच्याकडे तर ॲक्टिव्ह दिसतंय.”

हे ऐकलं की माणसाचं डोकं फिरतं. मी म्हणतो, फिरू देऊ नका. तो आवाज खोटं बोलत नाही, तुमचा टीव्हीही खोटं बोलत नाही. घोळ एवढाच आहे की त्या दोघांची बोलचाल नाही, आणि कधी नव्हतीच.

आपला समज असा असतो की सेट-टॉप बॉक्स आणि कंपनी यांचं आकाशातून काहीतरी हितगुज चाललेलं असतं. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर उपग्रह बसलाय, गच्चीवरची डिश त्याचे सिग्नल झेलतेय, बॉक्स ते उलगडतोय, इथवर खरं. पण उलट दिशेने काही पाठवायचं तर ट्रान्समीटर लागतो, आणि तो साध्या डिशच्या बॉक्समध्ये नसतोच. बॉक्सला कान आहेत, तोंड नाही. अख्ख्या आयुष्यात त्याला एकदाही ‘पोचलं हो’ असं कळवता येत नाही.

मग पैसे भरल्याचं त्याला कळतं कसं? दवंडीने. अगदी शब्दशः. ‘अमुक नंबरच्या कार्डाला अमुक चॅनल चालू करण्यात येत आहेत होऽऽ’ अशी दवंडी उपग्रहावरून पिटली जाते आणि ती त्या कंपनीच्या यच्चयावत बॉक्सेसना ऐकू जाते. तांत्रिक भाषेत तिला ईएमएम म्हणतात. प्रत्येक बॉक्स आपल्यात खोचलेल्या कार्डाचा नंबर आहे का बघतो, आपला नाही म्हणून सोडून देतो, पुढची ऐकतो. तुमचा बॉक्स दिवसभर हेच करतो: परक्यांची पत्रं चाळत बसतो, त्यांतलं एखादं कधीतरी त्याचं निघतं. सगळी पत्रं कुलूपबंद असल्यामुळे चहाडीची सोय नाही, हे एक बरं.

आता, ऐकणारा पोच देऊ शकत नाही म्हटल्यावर दवंडीवाल्यापुढे एकच उपाय उरतो: पुन्हा पुन्हा ओरडणं. पैसे भरल्यावर सुरुवातीला तुमच्या नावाची दवंडी वरचेवर होते, नंतर विरळ होत जाते. त्या वेळात बॉक्सचा प्लग काढलेला असेल, तर दवंडी दारावरून गेली आणि घरात कोणी नव्हतं असं समजा. ‘रिफ्रेश’ म्हणजे तीच दवंडी पुन्हा सुरुवातीपासून. त्या शब्दात जादू शोधणाऱ्यांची मला गंमत वाटते. ॲपमधलं रिफ्रेशचं बटण दाबलं की निरोप फोनमधून इंटरनेटने कंपनीकडे जातो, तिथून उपग्रहावर, तिथून तुमच्या गच्चीवर, आणि मग खाली बॉक्सात. समोर दोन मीटरवर ठेवलेल्या डब्याशी बोलायला 72 हजार किलोमीटरचा वळसा!

म्हणूनच कस्टमर केअरवाले विनवून सांगतात: बॉक्स चालू ठेवा, एक चॅनल लावून ठेवा, अर्धा तास हात लावू नका. आपण काय करतो? दर दोन मिनिटांनी प्लग काढून पुन्हा लावतो. बॉक्सला सुरू व्हायलाच मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ त्याचे कान बंद. म्हणजे नेमकी दवंडी चालू असताना आपण त्याला इमानेइतबारे बहिरा करत राहतो. वर पुन्हा, “किती वेळा रीस्टार्ट केला तरी होत नाही!” अहो, म्हणूनच होत नाही.

दुसरी एक चिठ्ठी चॅनलबरोबरच येत असते. चित्राला जे कुलूप असतं त्याची किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते, आणि पुढची किल्ली आधीच धाडलेली असते. ही चिठ्ठी सगळ्यांना मिळते. ती उघडायचा हक्क मात्र दवंडी ऐकलेल्या कार्डालाच. पटत नसेल तर चालू चॅनलवर कार्ड उपसून बघा. चित्र लगेच जात नाही, हातातली किल्ली संपेपर्यंत काही सेकंद चालतं आणि मग मान टाकतं.

पण प्रत्येक काळ्या पडद्याचं खापर कार्डावर फोडू नये. ‘अर्धे चॅनल दिसतात, अर्धे नाहीत’ ही तक्रार ऐकली की लोक पॅक तपासत बसतात. पॅक नका बघू, केबल बघा. डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा जो छोटा डबा, म्हणजे एलएनबी असतो, त्याला वीज बॉक्सकडूनच त्या एका केबलमधून जाते: 13 व्होल्ट दिले की तो उभ्या लहरी पकडतो, 18 दिले की आडव्या. केबल कुजली, जोडात पाणी शिरलं, की बॉक्सने सोडलेले 18 वर पोचेपर्यंत 13-14 उरतात. एलएनबी बिचारा आज्ञाधारक. तो उभ्याच लहरी देत राहतो. आडवे चॅनल गेले.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’. सगळं जग पहिलीकडे बघतं. ती 90 टक्के दाखवत असते आणि टीव्हीवर अंधार. स्ट्रेंथ म्हणजे केवळ आवाज किती मोठा. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही धरलेला. बोललेलं समजतंय का, ते क्वालिटी सांगते. डिश हलवायची ती तिच्याकडे बघून, आणि मुंगीच्या पावलाने. 60 सेंटिमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की एक अंश फिरला, आणि एवढ्या डिशचा सिग्नल पकडणारा झोतच जेमतेम तीन अंश रुंद. पट्टीला ताजं मोजमाप दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात, म्हणून हलवा, थांबा, मग बघा. गच्चीवर एक आणि खाली टीव्हीसमोर एक अशी जोडगोळी असली तर “आला... गेला... आला होता!” हा संवाद अटळ आहे, यातला ‘आला होता’ नेहमी खरा असतो.

पावसाचं दुखणं वेगळं. या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, त्यामुळे टपोरे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. सिग्नलही तिरका येतो. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन आणि तरी चित्राचे चौकोन होतात, कारण ढग उपग्रहाच्या वाटेत उभा असतो. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला तर काही दिवस सूर्यच उपग्रहाच्या पाठीमागे येऊन रोज थोडी मिनिटं आरडाओरडा करतो. तेव्हा कोणाला फोन करणार?

सगळ्यात जास्त छळतो तो मात्र बोटभर एफ-कनेक्टर. केबल सोलली की बाहेरच्या जाळीची तार मागे दुमडायची, आतलं पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या तळाशी सपाट बसवायचं आणि मधली तांब्याची तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवायची. कमी ठेवली तर आत टेकत नाही. जाळीचा केसाएवढा धागा मधल्या तारेला शिवला तर शॉर्ट, एलएनबीची वीज बंद, पडद्यावर ‘नो सिग्नल’. आणि हे सगळं बॉक्सचा प्लग काढून. केबलमध्ये व्होल्टेज असतं हे आत्ताच सांगितलं.

हल्लीच्या वायफायवाल्या बॉक्सला तोंड फुटलंय, तो इंटरनेटवरून कंपनीशी बोलतो. आपण त्याला टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात, धातूच्या पत्र्याला चिकटवून ठेवतो आणि वायफाय कमजोर म्हणतो. असो.

बाकी साध्या बॉक्सवाल्यांचा परतीचा मार्ग म्हणजे ते स्वतः. अवकाशात एवढं यंत्र लटकवूनही कंपनीला तुमच्या पडद्यावर काय आहे ते तुम्हालाच विचारावं लागतं. “एरर कोड वाचा.” वाचला. “आता बॉक्सच्या खाली स्टिकर असेल, त्यावरचा नंबर सांगा.” स्टिकर तळाशी, अक्षरं मुंगीएवढी, आठ आणि शून्य जुळे भाऊ. मान वाकडी करून भागत नाही, तेव्हा बॉक्स उचलून उलटा करावा लागतो. केबल ताणली जाते. एफ-कनेक्टर हलकेच सुटतो.

“सर, आता काय दिसतंय?”

“आता ‘नो सिग्नल’ दिसतंय.”

“आमच्याकडे ॲक्टिव्हच आहे, सर.”