करवत सुरू होण्याआधी भांडायला हवं

"एका झाडाच्या बदल्यात दहा लावू." महाराष्ट्रात झाडं तोडायचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. २०१९ मध्ये आरेच्या मेट्रो कारशेडच्या वेळी ते ऐकलं. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात, कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी, सुमारे अठराशे झाडं काढण्याची नोटीस निघाली तेव्हाही हजारो नवी झाडं लावण्याचं आश्वासन लगेच आलं. विरोध करणारेही आकडाच हातात घेऊन उभे असतात. आरेत २,६४६, तपोवनात अठराशे. मी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, लाकूडतोडीच्या धंद्यात काम करतो. इथून हे वाद वाचताना दर वेळी वाटतं, की दोन्ही बाजू मोजतायत ती गोष्टच चुकीची आहे.

माझं काम आखणीचं. तोडीच्या कितीतरी आधी जंगलात फिरायचं, ओढे, उतार, अस्वलांच्या ढोली, इथल्या मूळ रहिवाशांनी पूर्वी साल काढलेली सीडरची झाडं टिपून ठेवायची आणि तोडीच्या पट्ट्याची हद्द रंगीत फितींनी बांधायची. आपलं वनखातं कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, आखतं, झाडावर हातोड्याची खूण मारतं, त्यातलाच हा प्रकार. फितीच्या आतलं झाड जातं, बाहेरचं राहतं. व्हँकुव्हर बेटावरच्या दऱ्यांत डग्लस फर साठ-सत्तर मीटरपर्यंत जातात आणि मोठ्या रेड सीडरच्या बुंध्याला कवेत घ्यायला सहा-सात माणसं लागतात. किनाऱ्यालगतचं २५० वर्षांपुढचं जंगल इथल्या सरकारी व्याख्येत 'जुनं' धरतात. आता माझ्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्या पिढीचं, म्हणजे एकदा तोडून पुन्हा वाढलेलं जंगल येतं. पण जुन्या जंगलातही मी फिती बांधल्या आहेत, आणि त्यांच्या आतलं झाड कसं पडतं हे जवळून पाहिलं आहे.

आपल्याला लाकूडतोड्या माहीत असतो तो गोष्टीतला. खरा लाकूडतोड्या, इथे त्याला फॉलर म्हणतात, मोठ्या सीडरजवळ आला की आधी करवत खाली ठेवतो. झाडाभोवती फिरतो, मान मागे टाकून शेंड्यापर्यंत बघतो, कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोकतो. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आत ढोली आहे, आणि पोकळ झाड ठरवलेल्या दिशेलाच पडेल याचा भरवसा नाही. वर एखादी तुटकी फांदी अडकून राहिली आहे का, तेही बघतो. झाड हललं की ती सुटते आणि सरळ खाली येते. मग मागच्या अंगाला तिरकी पळवाट साफ करतो, झुडपं, ओंडके, पायात येईल असं सगळं काढून टाकतो.

एवढं झाल्यावर करवत सुरू होते. पडायच्या बाजूला आधी खाच. इथल्या किनाऱ्यावर खाचेचा तिरका काप खुंटाच्या बाजूने घेतात, म्हणजे सगळ्यात मोलाच्या पहिल्या ओंडक्याचं लाकूड वाया जात नाही. नंतर मागचा काप, त्यात एकामागून एक पाचरी, आणि दोन कापांच्या मधे लाकडाची एक पट्टी मुद्दाम राखलेली. झाड त्या पट्टीवर दार बिजागरीवर फिरावं तसं वळत खाली जातं. पट्टी जास्त कापली गेली तर झाड कुठेही जाईल. झाड पुढे जोरात झुकलेलं असेल आणि मागचा काप वेळेत पुरा झाला नाही, तर बुंधा उभा चिरत जातो आणि मागे उसळतो. माणसं मरतात ती अशा वेळी.

२००५ साली या प्रांतात जंगलकामात ४३ माणसं गेली. त्याच काळात फॉलरला प्रमाणपत्र सक्तीचं झालं. किनाऱ्यावरच्या फॉलरचा दिवस साडेसहा तासांचा असतो, कारण थकलेला माणूस पट्टी नीट राखू शकत नाही. पडणाऱ्या झाडापासून झाडाच्या दुप्पट उंचीइतक्या अंतरात दुसरा कोणी असता कामा नये, आणि एकट्याने काम करणाऱ्याची ठरावीक वेळाने रेडिओवरून विचारपूस व्हायलाच हवी. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदाराचा माणूस कमरेला दोर बांधून, बिनहेल्मेटचा, गुलमोहरावर चढतो आणि खालून रिक्षा जात असतात. झाडांवरच्या आपल्या चर्चेत हा माणूस कधीच नसतो. झाड वाचवायची हाक देणाऱ्यांनी त्याच्या हेल्मेटसाठीही हाक द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कुठल्या झाडाच्या आत काय कुजलंय आणि कुठलं अजून पन्नास वर्षं ठणठणीत उभं राहील, हे त्याला कागदावर सही करणाऱ्यापेक्षा जास्त कळतं.

एक अनुभवी फॉलर मला आठवतो. दुपारी काम थांबल्यावर तो नुकत्याच पडलेल्या सीडरच्या खुंटाशी बसून वलयं मोजत होता, दर दहा वलयांवर खिळ्याने खूण करत. गाभा कुजलेला होता, त्यामुळे मध्यापर्यंत पोचताच आलं नाही. जेवढी मोजता आली तेवढीच चारशेच्या वर होती. "असलं झाड माझ्या नातवाला कापायला मिळणार नाही," तो म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने, "मिळूही नये."

आता 'दहा लावू'चं बघा. तोडलेल्या जागी पुन्हा जंगल उभं करणं इथे कंपनीवर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि रोपं खरोखर लागतात, जगतात. मी त्या जंगलांतून रोज चालतो. पण किनाऱ्यावर ती झाडं साधारण साठ-ऐंशी वर्षांची झाली की पुन्हा तोडीला येतात. म्हणजे २५० वर्षं त्यांच्या वाट्याला कधी येणारच नाहीत. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी जुन्या झाडाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर अंडं घालतो. काळं अस्वल जुन्या सीडरच्या ढोलीत हिवाळा काढतं. सत्तर वर्षांच्या सरळसोट झाडाला तशी फांदी नसते आणि तशी ढोलीही नसते. इथे रोपांची कमतरता कधीच नव्हती, तरी जुनं जंगल संपत आलं.

किती संपलं, यावर इथेही आकड्यांचंच भांडण आहे. २०२० मध्ये सरकार सांगत होतं, प्रांतात जुनं जंगल १ कोटी ३२ लाख हेक्टर आहे. तीन स्वतंत्र शास्त्रज्ञांनी तोच आकडा फोडून दाखवला. त्यातलं बहुतेक जंगल उंच डोंगरांवरचं, दलदलीतलं, खुरट्या झाडांचं. ज्या सुपीक जमिनीत खरोखरची अजस्र झाडं होतात, तिथलं जुनं जंगल उरलं होतं सुमारे ३५ हजार हेक्टर. माझ्या मते इथल्या सगळ्या वादात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही फोडच. तिच्यामुळे प्रश्न 'किती झाडं' यावरून 'कुठली झाडं' यावर आला.

महाराष्ट्राने हा प्रश्न विचारायचा प्रयत्न केला आहे, हे मान्य करायला हवं. शहरी भागातल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा-वृक्षाचा दर्जा मिळाला. ही बातमी वाचून मला इथे बसून अभिमान वाटला होता. पण त्याच दुरुस्तीत म्हटलंय, की असं झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. शंभर वर्षांच्या वडामागे शंभर रोपं. वय मान्य केलं, आणि लगेच त्याचा पुन्हा आकडा करून टाकला. वारसा म्हणायचं आणि त्याचा मोबदलाही ठरवून ठेवायचा, हे मला पटत नाही. ज्या झाडाला पर्याय नाही, त्यापुढे कायद्यात 'नाही' एवढंच लिहिलेलं हवं.

हे अशक्य आहे असं कोणी म्हटलं तर मी सांगलीकडे बोट दाखवतो. २०२० मध्ये मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. लोक उभे राहिले, आणि रस्त्याची आखणी बदलली. बदलली ती आखणी, हे नीट लक्षात घ्या. आरेत उलटं झालं. वर्षानुवर्षं विरोध झाला, न्यायालयं झाली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं पडली होती. सगळ्यांना ती रात्र आठवते. पण कारशेड तिथेच होणार हे नकाशावर ठरलं, त्या दिवशीच ती झाडं गेली होती.

आखणीचं काम करणाऱ्याच्या हातात किती असतं, याचं इथलं उदाहरण व्हँकुव्हर बेटावरच्या पोर्ट रेन्फ्रूजवळ उभं आहे. २०११ च्या हिवाळ्यात डेनिस क्रोनिन हा आखणी करणारा वनतंत्रज्ञ एका तोडपट्ट्यात फिरत असताना एका प्रचंड डग्लस फरपाशी थांबला आणि त्याने त्या झाडाला 'हे राखा' असं लिहिलेली हिरवी फीत बांधली. आजूबाजूचा सगळा पट्टा साफ झाला, ते झाड राहिलं. ६६ मीटर उंच आणि जवळजवळ चार मीटर व्यासाचं ते झाड आज कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या डग्लस फरांपैकी एक मानलं जातं. क्रोनिन आयुष्यभर लाकूड कंपन्यांसाठी काम करत होता. त्याच्या एका फितीने जे झालं ते मोठंच आहे. पण असल्या झाडाचं भवितव्य एका माणसाला त्या क्षणी काय वाटलं यावर अवलंबून असावं, हे भयंकर आहे, आणि मी स्वतः फिती बांधत असल्यामुळे मला ते जास्तच लागतं.

त्याच भागात ऑगस्ट २०२० पासून, जुन्या जंगलाची तोड रोखायला, आंदोलकांनी फेअरी क्रीक या दरीच्या रस्त्यांची नाकेबंदी केली. कंपनीकडे तोडीचे रीतसर हक्क होते, पुढे न्यायालयाचा मनाई हुकूमही मिळाला, आणि ११०० हून जास्त अटका झाल्या. १९९३ मध्ये याच बेटावर क्लेकवॉट साउंडला तोडीविरुद्धच्या आंदोलनात ८५० च्या वर झाल्या होत्या, त्यांनाही मागे टाकणारा हा आकडा. मुंबई-पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींनी तेव्हा इथली छायाचित्रं कौतुकाने एकमेकांना पाठवली. त्या छायाचित्रांत जे दिसत नव्हतं ते मला सांगायचंय. ती दरी पाचीडाट या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात येते. त्यांच्या नेत्यांनी आंदोलकांना निघून जायला सांगितलं. लाकडाच्या धंद्यात त्यांचा वाटा आहे, स्वतःची कापगिरणी आहे, आणि आमच्या जंगलाचं काय करायचं ते आम्ही ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यातलेच एक ज्येष्ठ मात्र आंदोलकांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे घरातही एकमत नव्हतं, आणि कुठल्या घरात असतं? जून २०२१ मध्ये पाचीडाट आणि त्यांच्या दोन शेजारी समाजांनी स्वतःच मागणी केली आणि फेअरी क्रीक व मधल्या वॉलब्रन खोऱ्यातली सुमारे २,००० हेक्टरवरची तोड थांबली. ११०० अटकांनी दबाव आणला असेलही, तरी तोड थांबवण्याचा शब्द त्यांचा होता.

आपल्याला हे शिकायला कॅनडाकडे बघायची गरज नाही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्येच वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये गावाने आपला बांबू आपल्या परवान्यावर विकला. मेंढ्याचे लोक जंगल तोडूच नका असं म्हणत नाहीत. काय, किती आणि कधी काढायचं ते ग्रामसभेत बसून, सगळ्यांच्या संमतीने ठरवतात, काढण्याच्या आधी. शहरातल्या वृक्षप्राधिकरणाच्या बैठकीत असं बसलेलं मी कधी ऐकलं नाही. तिथे प्रस्ताव येतो तोवर निविदा निघालेली असते, आणि नागरिकाच्या हाती उरते ती झाडाला चिकटवलेली नोटीस.

त्या नोटिशीवर झाडाची संख्या असते. मला तिच्यावर प्रत्येक झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि अंदाजे वय हवं. पर्यायी आखणी तपासली का आणि ती कोणी, का नाकारली, हे हवं. हे अवघड नाही. घेर मोजायला एक टेप लागतो. आणि हे काम निविदेच्या आधी, तिथल्या लोकांना बरोबर घेऊन, झाडाझाडाशी उभं राहून व्हायला हवं. तसं झालं तर तपोवनातल्या अठराशेपैकी काहींवर लोक स्वतःच म्हणतील, की ही काढली तरी चालतील. आणि काहींपुढे कुणालाच तसं म्हणता येणार नाही.

"तू तिथे राक्षसी झाडं पाडायच्या धंद्यात, आणि आम्हाला सांगतोस?" असं मला नाशिकच्या मावसभावाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की लाकूड लागतं, घरं त्याची होतात, आणि साठ-सत्तर वर्षांच्या जंगलातून ते घ्यावं, चांगल्या फॉलरने, नीट पगारावर, सुरक्षितपणे. चारशे वर्षांच्या सीडरला मात्र आता हात लावू नये. फेअरी क्रीकची स्थगिती वाढत वाढत सप्टेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. तिच्यानंतर तिथली किंवा तसल्या कुठल्याही दरीतली आखणी माझ्याकडे आली तर मी ती करणार नाही, आणि तसं मी कामावर लेखी देऊन ठेवलं आहे.