खोटारड्या सागांची बाजू घेतो

आइसलँडच्या सागा, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथा म्हटलं की अभ्यासू मंडळी न्याल आणि एगिल या नायकांच्या सागांवर थांबतात. शेताच्या बांधावरून पेटलेलं वैर, खटले, सूड, आणि सगळं मोजक्या शब्दांत. नंतरच्या, चौदाव्या शतकातल्या राक्षस, जादूचे खडे आणि उडत्या गालिच्यांच्या सागा निघाल्या, की एकच शेरा: 'उतरती कळा, फ्रेंचांची नक्कल.' मला हे पटत नाही.

अद्भुताची हौस फ्रान्सहून आलेलीच नाही मुळी. 1119 मध्ये रेकहोलारच्या एका लग्नात अशाच गोष्टी रंगल्या होत्या, असं एका जुन्या सागेत आहे. नॉर्वेचा राजा स्वेरिर अशा गोष्टींना 'खोट्या सागा' म्हणायचा, आणि त्याच सगळ्यांत करमणुकीच्या, असंही सांगायचा. फ्रेंच प्रणयकथा नॉर्स भाषेत, म्हणजे तेव्हाच्या नॉर्वे-आइसलँडच्या भाषेत आणवल्या त्याच्या नातवानं, हाकोन राजानं. 1226 मध्ये ब्रदर रॉबर्टनं त्रिस्तान आणि इसोल्ड या प्रेमिकांची कथा नॉर्समध्ये उतरवली. ज्या थॉमसच्या काव्यावरून ती घेतली, त्याचे आज फक्त तुकडे उरलेत. त्यानं रचलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची तर या 'नकले'कडेच जावं लागतं!

आइसलँडच्या लेखकांनी पुढे स्वतःच्या कथा रचल्या. माझी लाडकी नितिदा. पॅरिसहून फ्रान्सवर राज्य करणाऱ्या या बाईला सागेत 'कुमारी-राजा' म्हटलंय. फ्रेंच कथेत सरदार बाईसाठी झुरतो, पराक्रम करतो. इथे मागणी घालणारे राजे एकामागून एक येतात आणि ती त्यांना चक्क बनवून परत पाठवते. त्यातला एक आपल्याकडचा, हिंदुस्थानचा राजा लिवोरियस! (या हिंदुस्थानात आपल्या ओळखीचं काही शोधू नका. लांबचा, श्रीमंत देश, एवढंच.) तो तिला पळवून नेतो, तर ती जादूच्या खड्याच्या जोरावर घरी परतते आणि येताना त्याच्या बहिणीलाच घेऊन येते. या सागेची साठांहून जास्त हस्तलिखितं आहेत. टीकाकार नाकं मुरडत होते तेव्हाही आइसलँडची माणसं ती हातानं उतरवून घेत होती.

शेवटी लिवोरियस वेष पालटून तिच्या दरबारात राहतो. ती त्याला खड्यात सगळं जग दाखवते, त्यात नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटंसुद्धा. लिवोरियस मात्र कुठेच दिसत नाही. मग ती म्हणते, वेष उतरव आता. तू आलास त्याच दिवशी मी तुला ओळखलं होतं.