पेला दाबून रक्ताचा कर्करोग कळतो म्हणे!

‘रक्ताचा कर्करोग ओळखा घरच्या घरी’ हा मेसेज माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला. तिच्या मुलाच्या पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठलेत आणि ती डॉक्टर गाठायचं सोडून त्यांवर काचेचा पेला दाबून बघत होती. म्हणून हा खटाटोप.

पेल्याचं अगदीच खोटं नाही, तेवढं मान्य. दाबूनही ठिपका फिका पडला नाही, तर रक्त केशवाहिन्यांबाहेर झिरपलंय एवढं कळतं. पण मेसेज म्हणतो, ‘म्हणजे ल्युकेमियाच’, अर्थात रक्ताचा कर्करोगच. का म्हणून? प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, घटल्या की असे ठिपके येतात, आणि त्या डेंगीत घटतात, आयटीपीत (यात शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट मारते) घटतात, काही औषधांनीही घटतात.

‘गाठ खाजत-दुखत नसेल तर बिनधास्त राहा.’ साफ चूक. ल्युकेमियाच्या पेशी त्वचेत शिरून होणाऱ्या गाठी बहुधा खाजतही नाहीत आणि दुखतही नाहीत. क्वचित त्या रक्तात आजार दिसायच्या आधीच उठतात. तिथे त्वचेचा तुकडाच तपासावा लागतो.

‘हाडात सुई घातली की कर्करोग पसरतो.’ अहो, ही सुई हाडातली रक्त बनवणारी मज्जा तपासायला असते, आणि हा आजार सुरूच त्या मज्जेत होतो आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतो. सुईने पसरवायला उरलं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ल्युकेमियाचा प्रकार पेशींचं रूप, त्यांच्यावरच्या खुणा आणि जनुकीय बदल यांवरून ठरतो. डागाच्या रंगावरून नव्हे.

आता खरा संतापजनक मुद्दा: ‘ठिपके दिसताच प्रेडनिसोलोन सुरू करा.’ हे एक स्टिरॉइड. लहान मुलांत जास्त आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात हेच औषध असतं. एकटंच, अंदाजाने दिलं की कर्कपेशी काही काळापुरत्या कमी होतात, ठिपके ओसरतात, मूल खेळायला लागतं आणि घरचे मेसेजवाल्याला दुवा देतात. पुढे मज्जा तपासली तरी चित्र गढूळ झालेलं असतं, निदान लांबतं आणि आजार दुप्पट जोराने उलटू शकतो. स्टिरॉइडच्या आधी रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचपट्टीवरचा स्मिअर (रक्ताच्या थेंबाचा पसरलेला पातळ थर), तोही जाणकाराने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला, एवढं तरी हवंच.

आणि शेवटी, ‘पंधरा दिवस वाट बघा.’ ल्युकेमियाच्या प्रोमायलोसायटिक नावाच्या प्रकारात रक्तस्रावाने माणूस काही दिवसांत जाऊ शकतो. डॉक्टर जनुकीय अहवालाचीही वाट न पाहता, नुसत्या संशयावर औषध सुरू करतात.