काचेपेक्षा कप्प्यातले कागद महाग पडले

गाडीची चोरी कशी टाळावी यावरच्या लेखात गाडीला गियर लॉक लावा, गल्लीत कॅमेरे बसवा म्हटलंय, ते बरोबरच. पण गाडीत पडून असलेल्या कागदांवर एकच ओळ आहे, आणि आमचं नुकसान झालं ते तिथेच.

जळगावचा मे महिना. पारा ४४ वर, त्यात लाइट गेलेली, अख्खी कॉलनी गच्चीवर झोपायला. खाली गाड्यांकडे बघणार कोण? सकाळी शेजारच्या काकू दूध आणायला निघाल्या नि खालूनच ओरडल्या, "भाऊ, तुमनी गाडीनी काच फुटेल शे!"

गाडी जागेवर, टेपही जागेवर. समोरच्या कप्प्यातलं प्लास्टिकचं पाकीट तेवढं गायब. त्यात आरसी, विम्याचे कागद आणि आधारची झेरॉक्स. झेरॉक्सवर मोबाइल नंबर मीच पेनाने लिहून ठेवलेला, काय ती हुशारी! काच दोन दिवसांत बसली, पण "तुमचं कर्ज मंजूर झालंय, ओटीपी सांगा" असले फोन महिनाभर चालू होते. समोरच्याला माझा पत्तासुद्धा पाठ.

आता आरसी मोबाइलवरच्या डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्येच असते, ट्रॅफिक पोलिसांनाही ती चालते. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड प्रत देतो, तिच्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि पैसे गेलेच तर बँकेची शाखा उघडायची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

राहता राहिला कॉलनीचा ग्रुप. कालच एकाने टाकलंय, "चार दिवस पुण्याला चाललोय, गाडी दारातच आहे, जरा लक्ष ठेवा." ग्रुपमध्ये माणसं २१२!