महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी कर्ज नको, बुफे मात्र लावा

पोळा तोंडावर आला न त्याच्या मागंच आठ दिवसात महालक्ष्म्या (ज्येष्ठा गौरी) बसतात, म्हणून हे आत्ताच लिहून राहिली. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या आहेत त्यांच्या डोक्यात आता एकच हिशोब सुरू असेल, की माणसं किती होतील आणि पैसा कुठून आणायचा.

माझं मत आधीच सांगते. आपल्या खेड्यातलं महालक्ष्म्यांचं जेवण मागच्या काही वर्षात लय बदललं. बिछायत केंद्रातून मंडप येते, केटरिंगवाला येते, पनीरची भाजी, मंचुरियन, दोन प्रकारचे गुलाबजाम, आईसक्रीम, आणि या सगळ्याच्या कोपऱ्यात एका छोट्या भांड्यात ज्वारीच्या पिठाची आंबील ठेवलेली असते, तीही पोरं घेत नाहीत कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही की आज खायची गोष्ट तीच आहे. मला याचं खरंच वाईट वाटते. आणि पैशाचं त्याहून जास्त वाईट वाटते. साधा हिशोब करा, माणशी दोनशे रुपये धरले तर दीडशे माणसाचे तीस हजार झाले. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, म्हणजे सहा क्विंटलच्या वर सोयाबीन एका दुपारी ताटात गेलं. तेही हमीभाव मिळाला तर, त्या वर्षी बाजारात तेवढा भाव कोणाला भेटला हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कोरडवाहूत एका एकराचं पीक आहे हो ते.

आणि भादवा म्हणजे आपल्याकडे वर्षातला सगळ्यात तंगीचा महिना. मूग-उडीद पेरलेला असला तर थोडा हातात येते, सोयाबीन शेंगात आहे, कपाशीला बोंडं लागून राहिली पण वेचा दसरा-दिवाळीशिवाय नाही. खताची फवारणीची उधारी दुकानात तशीच उभी. पोळ्याला बैलाच्या साजात अन् घरच्या कपड्यात पैसा गेलेला. अशा वेळी दुसऱ्याच्या मंडपाकडं पाहून व्याजानं पैसे काढून जेवण देणं हे मला पटत नाही, आणि लक्ष्मीला तर मुळीच पटणार नाही असं मला मनापासून वाटते.

पण याचा अर्थ जेवण लहान करा असं मी म्हणत नाही. घरी आलेला माणूस जेवून गेलाच पाहिजे, त्या दिवशी आवतन नसलेला माणूसही उंबऱ्यातून उपाशी परत जात नाही ही आपली रीत आहे आणि ती राहिलीच पाहिजे. माणसं कमी करू नका, पदार्थ कमी करा.

बुफेवर लय लोक नाराज असतात, पंगतच पाहिजे म्हणतात. मला विचाराल तर बुफेच लावा. आमच्या आत्याबाईच्या, म्हणजे सासूच्या, काळात पंगत असायची, मी लग्न होऊन आली तेव्हाही होती, एक पंगत उठली की शेण-पाणी फिरवून दुसरी, मग तिसरी, आधी पुरुष न पोरं, मग पाहुण्या बाया, आणि पहाटे चारला उठून पुरण वाटणाऱ्या घरच्या बाया चार-पाच वाजता उरलेल्या थंड पोळीवर बसायच्या. पंगत सुंदर दिसते, मान्य आहे, पण ती वाढणाऱ्याच्या पायावर उभी असते. बुफे लावला तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या जणी दोन वाजेपर्यंत जेवलेल्या असतात, गरम पोळी खाल्लेली असते. एवढ्या एका कारणासाठी मी बुफेच्या बाजूनं आहे. फक्त तो आपल्या हातचा असावा.

आता कसं करायचं ते. नैवेद्याचं ताट पूर्ण करायचं, त्यात काटकसर नाही. सोळा भाज्या, चटण्या, कोशिंबीर, पंचामृत, पुरणपोळी, वडे, भजी, कढी, आंबील, सगळं, पण नैवेद्यापुरतं, वाटीभर. लोकांसाठी सात-आठच गोष्टी: पुरणपोळी-तूप, साधी पोळी, सोळा भाज्यांची एकच मिसळ भाजी, वरण-भात, कढी, भजी, एखादी चटणी आणि आंबील. याच्यापुढं काही नाही. गोड दुसरं करायचंच असलं तर कोहळ्याचे (लाल भोपळ्याचे) गोड तळलेले बोंडं करा, कोहळं घरचं, गूळ न कणीक घरातलीच, आणि पोरं गुलाबजामापेक्षा जास्त खातात.

सोळा भाज्या ऐकून नवीन सुना घाबरतात. काही घाबरायचं नाही. भादव्यात आपल्या बांधावर आणि परसात काय काय असते ते मोजा: कोहळं, लवकी (दुधी), दोडकं, कारलं, पडवळ, काकडी, ढेमसं, भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), वांगं, अंबाडी, धोप्याची (अळूची) पानं, पालक, मिरची, आणि बाजारातला आलू. झाल्या की सोळा. यातलं निम्मं शेजारपाजारी मागितलं तरी मिळते, कोणी नाही म्हणत नाही, उलट महालक्ष्मीच्या भाजीत आपल्या वेलाचं गेलं याचा बायांना आनंद असते. मेथी न फुलकोबी त्या दिवसात सोन्याच्या भावात असते, तिच्या मागं लागू नका. बाजार करायचा तर आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधीच्या आठवडी बाजारात आलू, कोहळं, ढेमसं असा टिकणारा माल आणून ठेवा, पाल्याभाज्या तेवढ्या ऐनवेळी. सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक गोष्टीचा भाव चढलेला असते.

माप आमच्या घरचं सांगते, शंभर माणसाचं. तांदूळ आठ किलो. वरणाला तुरीची डाळ तीन किलो, ही घरची तूर भरडून केलेली असली तर विकतच्या डाळीपेक्षा दाट होते. पुरणाला हरभऱ्याची डाळ चार किलो आणि गूळ तेवढाच, यात माणशी एक पोळी निघून वर थोड्या उरतात. कणीक पुरणाच्या न साध्या पोळ्यांची मिळून नऊ-दहा किलो. भाजी चिरून बारा किलो. आंबिलीला ज्वारीचं पीठ दीड किलो पुरे, ते आदल्या रात्री ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी आंबूस वास आला पाहिजे, मग शिजवताना खोबऱ्याचे काप, अद्रक, सांबार (कोथिंबीर). आंबील शिजताना हलवणारा माणूस बाजूला होऊ देऊ नका, खाली धरली की पूर्ण गंज (मोठं भांडं) वाया. डाळ, गूळ, तेल आणि बेसन सोडलं तर विकतचं फार काही राहतच नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगते, भांड्याची. बचत गटाचे नाहीतर देवस्थानचे पितळी गंज आणले तर आतली कल्हई पाहून घ्या. कल्हई उडालेल्या पितळीत कढी, चिंचेचं पंचामृत किंवा आंबील ठेवली तर कळकते, आणि कळकलेलं पोटात गेलं की माणसं आजारी पडतात. आंबट सगळं स्टीलमध्ये. भात एकदम आठ किलो शिजवू नका, दोन-दोन किलोचे घाणे लावा, कारण भादव्याच्या उकाड्यात सकाळचा भात दुपारी तीनला चिकट होते न आंबते. भजी तर समोरच तळायची.

बुफेची मांडणी केटरिंगवाल्यासारखी करायची गरज नाही. दोन टेबलं, चादर, टेबलाच्या दोन्ही बाजूनं माणसं चालतील अशी जागा. सगळ्यात आधी भात-वरण ठेवा, मग भाजी, कढी, चटणी, साधी पोळी. पुरणपोळी शेवटी, तिथं घरचा माणूस उभा पाहिजे, हातानं पोळी द्यायची, वरून तूप सोडायचं, आणि "अजून घ्या" म्हणायचं. आग्रह तिथं झाला की बुफेत माया नाही असं कोणी म्हणत नाही. लोकांनी स्वतः घेतली तर दोन-दोन घेतात न अर्धी टाकतात, हातानं दिली तर एक खाऊन परत येतात. आंबील वेगळ्या टेबलावर, द्रोणात, येणाऱ्याला सगळ्यात आधी द्यायची. म्हाताऱ्या माणसांना न गरोदर बायांना रांगेत उभं करायचं नाही, त्यांच्यासाठी ओसरीत सतरंजी टाकून ताट वाढून न्यायचं. हे एक काम पोरांना द्या, पोरं लय मनापासून करतात.

ताटं शक्यतो स्टीलची, गटाकडून आणायची न धुवून परत करायची. नाही जमलं तर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, आपल्याकडे पळसाला तोटा नाही, आणि उरलेल्या खाण्यासकट उकिरड्यावर टाकल्या तर खत होते. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे तरी खेड्यात त्या अजून येतातच, दुसऱ्या दिवशी नालीत पडलेल्या असतात आणि ढोरं चघळतात. महालक्ष्मीच्या घरून असलं निघू नये.

आता माणसं मोजायचं. गावात दहा घरी महालक्ष्म्या, पूजेचा दिवस सगळ्यांचा एकच, आणि आवतन सगळ्यांना सगळ्यांचं. म्हणजे तुमच्याकडे येणारा माणूस आणखी तीन घरी जेवणार आहे, तो कुठंच पोटभर जेवत नाही, आणि सगळी घरं मात्र पूर्ण माणसाचा स्वयंपाक करून बसतात. संध्याकाळी दहाही घरी भात उरते. गंज न ताटंही त्याच दिवशी सगळ्यांना पाहिजे असतात. याच्यावर उपाय एकच, पोळ्याच्या आधी घराघरच्या बायांनी एकत्र बसून वेळा वाटून घ्यायच्या, काही घरी दुपारचं जेवण, काही घरी रात्रीचं. भांडीही मग फिरवता येतात. आमच्या आळीत आम्ही तसंच ठरवलं, आणि भावाभावात एक घर एका वर्षी न दुसरं दुसऱ्या वर्षी असं ज्यांना देवाच्या हिशोबानं चालते त्यांनी तेही करून पाहा.

नवीन सुनांना माप लागलं, काही विचारायचं असलं तर खाली विचारा, मी उत्तर देते. आमच्याकडे यंदा रात्रीचं जेवण आहे, दिवाबत्ती झाली की या.