मनगटाला आधी जेल की आधी फोटो?

शनिवारी संध्याकाळी ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर विषय निघाला तो असा: पडलेल्या मुलाचं हाड मोडलंय की नाही, हे एक्स-रेशिवाय कळतं का? बोलणारे चौघंही रोज याच कामातले. डॉक्टर हाडांचे, ताई सोनोग्राफी करणाऱ्या रेडिऑलॉजिस्ट, अण्णा एक्स-रे टेक्निशियन आणि मन्या हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करणारा.

तोंड अण्णांनी फोडलं, तेही जरा चिडूनच. "हल्ली आईबाप विचारतात, किरणांनी पोराला काही होणार नाही ना? अहो, मनगटाचा एक फोटो म्हणजे साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट, हे किरणांचं माप. जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे हा फोटो तीन-चार तास नुसतं जगण्याइतका. या भीतीपायी फोटो टाळून मोडका हात तेल लावून चोळत बसतात, ते कितीतरी वाईट."

"हिशोब बरोबर आहे तुमचा," ताई म्हणाल्या. "मनगटाला मी किरणांचा मुद्दा काढतच नाही. माझा मुद्दा हात फिरवण्याचा आहे. तुम्हाला एक फोटो तळवा टेकवून लागतो, दुसरा हात कडेवर उभा करून. सुजलेलं मनगट तसं फिरवलं की मूल किंचाळतं, हलतं, फोटो अस्पष्ट येतो, पुन्हा काढावा लागतो. मी हात फिरवत नाही, प्रोब फिरवते, म्हणजे सोनोग्राफीच्या मशीनचा हातात धरायचा भाग."

"पण तुमच्या आवाजाच्या लहरी हाडाच्या आत जात नाहीत," डॉक्टरांनी टोकलं.

"जायची गरजच नाही. हाडाचा पृष्ठभाग पडद्यावर चकचकीत पांढरी रेघ दिसतो आणि खाली काळी सावली. आपल्याला बघायची ती फक्त रेघ. मुलांच्या मनगटात बिघाड बहुतेक वेळा त्या रेघेतच होतो."

मग ताईंनी पद्धत सांगितली. ती इथे सविस्तर देतो, कारण 'प्रोब लावला नि बघितलं' असं म्हणणाऱ्यांचंच निदान चुकतं.

आधी दुखणं कमी करायचं: पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, किंवा आयबुप्रोफेन किलोमागे १० मिलिग्रॅम. औषध लागू होईपर्यंत हात खपाचीत, उशीवर. मग सुरुवात चांगल्या हातापासून. मुलाला कळतं की हे दुखत नाही, आणि आपल्याला त्याच मुलाची निरोगी रेघ तुलनेला मिळते. प्रोब सरळ पट्टीचा, लिनिअर, १० ते १५ मेगाहर्ट्झचा. खोली दोन-तीन सेंटिमीटर पुरे. जेल कंजुषी न करता, चांगला सेंटिमीटरभर थर. प्रोबचा भार आपल्या करंगळीवर घ्यायचा आणि करंगळी उशीवर टेकवायची. प्रोब जेलवर तरंगला पाहिजे, कातडीवर दाबायचा नाही. जेलही सहन होत नसेल तर हात कोमट पाण्याच्या टबात बुडवायचा आणि प्रोब पाण्यातच कातडीपासून सेंटिमीटरभर लांब धरायचा. पाणीच जेलचं काम करतं.

बघायच्या सहा बाजू: रेडियसची, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाची, वरची, तळव्याकडची आणि अंगठ्याकडची; अल्नाची, म्हणजे करंगळीकडच्या हाडाची, वरची, तळव्याकडची आणि करंगळीकडची. प्रत्येक वेळी प्रोब हाडाच्या लांबीला समांतर, कोपर ते मनगट यांच्या मध्यापासून मनगटाकडे हळूहळू, वाढीची पट्टी (मुलांच्या हाडाच्या टोकाजवळची, जिथून हाड वाढतं ती) ओलांडेपर्यंत. रेघ कुठे फुगली असेल पण तुटली नसेल, तर ते बकल, म्हणजे हाड न तुटता नुसतं दबून फुगलेलं फ्रॅक्चर. पायरी किंवा फट दिसली तर हाडाची कड तुटलीय. रेघेवर काळपट पातळ थर उचललेला दिसला तर हाडाच्या आवरणाखाली रक्त आहे, हीसुद्धा खूणच. तळव्याकडे हाडाला चिकटून एक चौकोनी स्नायू असतो. त्यात रक्त साचून तो दुसऱ्या हातापेक्षा जाड दिसला, तर रेघ कितीही चांगली वाटली तरी पुन्हा नीट बघायचं.

"आणि चुकतं कुठे?" मन्याने विचारलं.

"वाढीच्या पट्टीवर. तिथे रेघ आपसूकच खाली उतरते. नवशिका तिलाच पायरी समजतो. निरोगी उतार गुळगुळीत असतो आणि दुसऱ्या हातातही तसाच दिसतो. दुसरी चूक प्रोब तिरका धरण्याची. हाडावरून घसरला की रेघ तुटल्यासारखी दिसते. म्हणून तुटलेली वाटणारी जागा काटकोनात फिरवूनही बघायची."

डॉक्टरांचं समाधान झालं नव्हतं. "बकल राहून गेलं तर?"

याचं उत्तर इतरांच्या कामातून मिळतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या चार अपघात विभागांत ५ ते १५ वर्षांच्या २७० मुलांवर चाचणी झाली; ती २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. निम्म्यांची आधी सोनोग्राफी, निम्म्यांचा आधी एक्स-रे. चार आठवड्यांनी हात वापरण्यात सोनोग्राफीची मुलं मागे नव्हती. त्याआधी २०२२ साली लॅन्सेटमध्ये ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांतल्या ९६५ मुलांचा अभ्यास आला होता. बकल फ्रॅक्चरला नुसतं बँडेज दिलेल्या मुलांना तिसऱ्या दिवशी होणारं दुखणं आणि खपाची घातलेल्यांचं दुखणं सारखंच होतं. म्हणजे एखादं बकल निसटलं तरी हाड वाकडं जुळत नाही. माझं मत इथे ताईंकडे झुकलं. निसटू द्यायचं नाही ते दुसरं: पायरी पडलेलं किंवा वाकलेलं हाड. आणि ते बहुतेक वेळा रेघेत स्वच्छ दिसतं.

"मग हात डोळ्यांनाच वाकडा दिसत असेल तर?" अण्णा.

"तर जेलची बाटली उघडायचीच नाही, सरळ तुमच्याकडे. हाड बसवायला डॉक्टरांना दोन्ही बाजूंचे फोटो लागणारच. जखम उघडी असेल, बोटं बधिर किंवा थंड असतील, तरी तेच. मोठ्या मुलाला अंगठ्याच्या मुळाशी खड्ड्यात दुखत असेल तर तिथल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडासाठीही माझ्यावर विसंबू नका. आणि तान्ह्या बाळाला कुणी मारलंय अशी शंका असेल, तर पूर्ण शरीराचे एक्स-रे लागतात. तिथे सोनोग्राफीवर भागवणं म्हणजे त्या बाळाशी दगा."

कोपराबद्दल ताई आणि अण्णांचं चटकन जमलं. कोपर काटकोनात वाकवून मागून प्रोब लावला की खळग्यात चरबीची गादी दिसते. सांध्यात रक्त साचलं की ती वर उचलली जाते. उचलली असेल तर एक्स-रे, जागेवर असेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी.

डोक्याच्या बाबतीत मात्र अण्णांचाच हिशोब ताईंच्या कामी आला. डोक्याचा सीटी स्कॅन साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे मनगटाच्या दोनेक हजार फोटोंइतका. इथे किरणांचा मुद्दा खरा आहे. दोन वर्षांखालच्या बाळाच्या टेंगळाखाली कवटीला चीर आहे का, हे प्रोबने दिसतं. पण कवटीचे सांधे चिरेसारखेच दिसतात, म्हणून ती रेघ टाळूपर्यंत जाते का (जात असेल तर तो सांधा) ते बघायचं आणि दुसऱ्या बाजूशी ताडायचं. आतला रक्तस्राव मात्र प्रोब खात्रीने दाखवत नाही. गुंगी आलेलं किंवा सारखं ओकणारं बाळ सीटीलाच जायला हवं.

मन्याने बाकीची यंत्रंही काढली. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क हाडावर टेकवून दुखतंय का बघतात. त्यावर भरवसा ठेवून मुलाला घरी पाठवावं इतका तो पक्का नाही. उष्णतेचा कॅमेरा सूज आलेला भाग गरम दाखवतो, पण नुसत्या मुरगळण्यानेही सूज येते. एमआरआय सगळं दाखवतो, वाढीच्या पट्टीची इजासुद्धा, पण लहान मूल त्या बोगद्यात तेवढा वेळ निपचित पडत नाही. बऱ्याचदा गुंगीचं औषध द्यावं लागतं.

"तर मग प्रोब माझ्या अपघात कक्षातच ठेवा," डॉक्टर म्हणाले.

इथे गाडी अडली. गर्भाचं लिंग तपासायला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४चा. मशीन मनगटासाठी घ्या नाहीतर हृदयासाठी, गर्भ दिसू शकतो म्हणून नोंदणी लागतेच, आणि ती जागेवर असते. हातात घेऊन फिरायचं मशीन नोंदलेल्या जागेतच वापरायचं, तेही दाखल रुग्णांसाठी, असं नियम सांगतो. रडत आलेलं मूल दाखल कुठे असतं?

"या कायद्याला मी नावं ठेवणार नाही," ताई ठामपणे म्हणाल्या. "देशाच्याही आधी, १९८८ साली महाराष्ट्राने असा कायदा केला, तो मुली वाचाव्यात म्हणून. मला सूट नको. मशीन माझ्या खोलीत राहू दे, मूल माझ्याकडे पाठवा. रांगेत न थांबवता घेते, दोन्ही हात धरून दहा मिनिटांचं काम."

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "खपाची बांधून पाठवतो, औषध देऊन."

"खपाची पट्ट्यांची असू दे," ताईंनी बजावलं. "प्लास्टरची स्लॅब घालून पाठवलंत तर मला काहीच दिसणार नाही. आवाज प्लास्टरमधून जात नाही."

"माझी किरणं जातात," अण्णा म्हणाले. "ताईंना पायरी दिसली तर पट्ट्या परत बांधा आणि पोराला तसंच खाली आणा. माझ्या टेबलावर ती खपाची कुणी सोडायची नाही."